जत्रेच्या नाटकात पडदा थांबलाच नाही. लिमिट स्विच असूनही मोटर का चालत राहिली?

पडदेवाला | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, फोंडा तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. देवळासमोरच्या आमच्या रंगमंचाला चार वर्षांपूर्वी मोटरचा पडदा बसवला. परवा जत्रेच्या नाटकात पहिला अंक संपला, पडदा दोन्हीकडून येऊन मध्यावर मिळाला आणि थांबायचं सोडून तसाच रेटत पुढे गेला. पाखं, म्हणजे पडद्याचे दोन भाग, एकमेकांवर चढली, ट्रॉली (पडदा टांगलेली चाकाची गाडी) टोकाच्या अडसरावर धाडकन आदळली, मोटर घुमली आणि वायररोपचा क्लँप निसटला. डावं पाखं अर्ध्यावर लोंबकळत राहिलं. प्रेक्षकांत शिट्ट्या. राजा नुकताच मेला होता, तो बिचारा सगळ्यांच्या देखत, पोट हलू न देता, पाच मिनिटं आडवा. शेवटी दोन पोरांनी पडदा हाताने ओढून नेला.

व्यवस्था अशी: रंगमंचाचं तोंड २४ फूट. मोटर अर्ध्या एचपीची, सिंगल फेज, कपॅसिटरवाली, पुढे गिअरबॉक्स. एकच वायररोप कप्प्यांवरून गोल फिरते. एक पाखं जाणाऱ्या दोराला, दुसरं येणाऱ्या दोराला बांधलेलं, त्यामुळे दोन्ही एकदम मिटतात. मिटायला साधारण १२ सेकंद. पॅनलमध्ये दोन कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की मोटरची वीज जोडणारे स्विच), एकेका दिशेला एक, आणि तीन घरांचा सिलेक्टर: उघडा, शून्य, मिटा. उजव्या पाखाच्या पहिल्या ट्रॉलीच्या वाटेवर रोलर-लिव्हरचे दोन लिमिट स्विच (ट्रॉलीने लिव्हर दाबला की मोटर थांबवणारे), एक विंगेत आणि एक मध्याच्या जरा पुढे. त्या पुढच्या स्विचपासून अडसर दोन फुटांवर.

यंदा नवीन मखमली पडदा शिवून घेतला, तो आधीपेक्षा बराच जड आहे. बाकी काही बदललेलं नाही. तालमीला तीन-चारदा चालवून बघितला, दर वेळी बरोबर थांबला. पुढच्या आठवड्यात दुसरं नाटक आहे. काय बघू?

---

जुनी_संहिता | मंगळवार, सकाळी ६:५५

मोटर लागतेच कशाला रे? आमच्या वेळी पडदा ओढायला ठरलेला माणूस असायचा आणि त्याला नाटक तोंडपाठ असायचं. नट शेवटचं वाक्य विसरला तरी हा त्याचा चेहरा बघून पडदा टाकायचा. आता यंत्राला चेहरा कोण दाखवणार!

राजा कोणी केला होता? पाच मिनिटं पोट न हलवता म्हणजे कला अकादमीच्या स्पर्धेत पाठवा त्याला.

---

गेटकरी_पर्वरी | मंगळवार, सकाळी ९:२०

मी पर्वरी-म्हापसा पट्ट्यात सरकती गेट बसवतो. माझा पहिला संशय स्विचवरच. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, वर खारी हवा. आतला स्प्रिंग गंजतो, पत्तीवर हिरवं चढतं, लिव्हर दाबला तर दाबलेलाच राहतो किंवा दाबलाच जात नाही. स्वस्तातला उघडा मायक्रो स्विच असेल तर काढून फेका, आयपी ६७ चा घ्या, म्हणजे धूळ-पाणी आत न येणारा. ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो, ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जात नाही. वायर आत शिरते ती बाजू खाली ठेवा आणि ग्लँड नीट आवळा, नाहीतर ६७ नुसता खोक्यावर छापलेला.

आणि एकदा टॉर्च मारून बघा. कांदोळीतल्या एका बंगल्याचं गेट रोज उलट भिंतीवर आदळायचं. दोन स्विच बदलले, बिल दोनदा लावलं, शेवटी लाजत कबूल केलं की कारण वेगळंच होतं. कुंभारमाशीने लिव्हर आणि बॉडीच्या मधल्या फटीत मातीचं घर केलं होतं. लिव्हर हलायला जागाच नाही. आता सर्व्हिसला जातो तेव्हा पिशवीत जुना टूथब्रश असतो.

---

वेर्ण्याची_शिफ्ट | मंगळवार, दुपारी १:१०

वेर्ण्याच्या वसाहतीत मेंटेनन्सला आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. स्विच बदलायच्या आधी मला एवढं सांगा. पडदा मध्यावर आला तेव्हा पॅनलमधून आवाज आला का, आणि किती वेळा? तालमीला सिलेक्टरवर कोण होतं आणि जत्रेच्या दिवशी कोण? मल्टिमीटर लावून स्विच हाताने दाबला तर कॉन्टॅक्ट सुटतो का? आणि लिव्हरला नक्की काय लागतं, ट्रॉलीची कडा की वेगळं काही? त्या जागेचा जवळून फोटो टाका.

हे बघताना मेन बंद करून फ्यूज खिशात घाला. "कोणी चालू करणार नाही" असं देवळात कधीच म्हणू नये, आरतीच्या वेळी कोण कुठलं बटण दाबेल सांगता येत नाही.

---

पडदेवाला | मंगळवार, रात्री १०:०५

शिफ्टभाऊ, सगळं बघून आलो.

स्विच ठीक आहे. एनसी टोकांना (न दाबता जुळलेली असतात ती) बझर लावला, लिव्हर दाबला की आवाज बंद, सोडला की चालू. वीसेक वेळा केलं, एकदाही चुकला नाही. कुंभारमाशी नाही, कोळ्याचं जाळं होतं, ते काढलं.

आवाजाचं विचारलंत ते बरं झालं. पेटी वाजवणारे पॅनलच्या शेजारीच बसतात. त्यांच्या मते लागोपाठ दोनदा खट्-खट् झालं, "कायद्याचा कहरवा असता तर मी धरला असता" इतकं जवळजवळ.

तालमीला आमचा वायरमन स्वतः सिलेक्टरवर होता. जत्रेच्या दिवशी तो जेवायला गेला आणि भाच्याला बसवलं. भाचा शपथेवर सांगतो की त्याने "मिटा" केलं आणि पडदा आपोआप थांबणार म्हणून बघत राहिला. थांबत नाही दिसल्यावर घाबरून सरळ "उघडा"वर फिरवलं, तरी पडदा उलटा न येता पुढेच गेला! यावर घरात दोन दिवस भांडण चालू आहे, मामा म्हणतो खोटं बोलतोस.

फोटो टाकलाय. ट्रॉलीच्या बाजूला एक बोल्ट बाहेर आलाय, त्याचं डोकं रोलरला लागतं.

---

वेर्ण्याची_शिफ्ट | मंगळवार, रात्री १०:३०

भाचा खरं बोलतोय. मामांना सांगा. सविस्तर उद्या, पण फोटोत बोल्टच्या दोन्ही बाजूंना ट्रॉलीवर रिकामी भोकं दिसतायत ती कसली?

---

खाणकरी | बुधवार, सकाळी ७:३०

शिफ्ट, मीही त्या भोकांवरच अडकलो. डिचोलीच्या बाजूला लोहखनिजाच्या प्लांटवर २०१२ ला खाणी बंद होईपर्यंत इलेक्ट्रिकल बघत होतो. कन्व्हेअर, क्रशर, बार्ज भरायचा बूम, सगळीकडे लिमिट स्विचच. पडदेवालेबाब, तुमच्या ट्रॉलीवर आधी एक लांब पट्टी होती. कोणीतरी ती काढली आणि तिच्या जागी बोल्ट लावला. बरोबर?

का म्हणतो ते बघा. तुमचा लिमिट स्विच मोटरला हात लावत नाही, तो "मिटा" कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वाट तोडतो, एवढंच. कॉइल सुटली की मोटरचा करंट तुटतो. पण ट्रॉली जागच्या जागी थांबत नाही, तिच्या मागे पडद्याचं वजन आहे, ती अंगच्या वेगाने थोडी पुढे जातेच. १२ फूट १२ सेकंदांत म्हणजे सेकंदाला एक फूट, ३० सेंटिमीटर. बोल्टचं डोकं रोलरला दाबून धरतं ते फार तर तीन सेंटिमीटरच्या प्रवासात. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात कॉन्टॅक्टर सुटला: पहिलं खट्. ट्रॉली मात्र निसटून पुढे गेली. बोल्ट रोलरवरून उतरला, लिव्हर स्प्रिंगने परत जागेवर आला, कॉन्टॅक्ट पुन्हा जुळला. आणि सिलेक्टर? तो अजून "मिटा"वरच. कॉइलला परत वीज मिळाली: दुसरं खट्. आता ट्रॉली स्विचच्या पलीकडे आहे, तिला अडवणारं कोणीच नाही. मोटर पुढे खुशाल चालत राहिली.

तालमीला का थांबला? तुमच्या वायरमनला पहिलं खट् ऐकताच सिलेक्टर शून्यावर आणायची सवय असणार. जुन्या लोकांचा हात आपोआप जातो. भाच्याने यंत्रावर विश्वास ठेवला, एवढाच फरक.

आमच्या कन्व्हेअरला बाजूने पुल-कॉर्ड असायची. ती एकदा ओढली की स्विच अडकून राहतो, जाऊन हाताने रिसेट करेपर्यंत बेल्ट सुरू होत नाही. लिमिट स्विचचा लिव्हर तसा नसतो, तो सोडला की सगळं विसरतो. म्हणून त्याला दाबून धरणारी वस्तू लांब हवी. ट्रॉली जितकी घसरणार त्याच्या दुप्पट तरी.

---

पडदेवाला | बुधवार, दुपारी १२:१५

काका, पाया पडतो. आत्ताच मंडपवाल्याला फोन केला. नवीन पडदा लावताना त्याच्या माणसाला पट्टी नडली. मखमल पट्टीच्या कडेला अडकून धागे निघत होते, म्हणून त्याने ती काढून ठेवली आणि "स्विचला काहीतरी लागायला हवं ना" म्हणून बोल्ट घातला. वर मला म्हणतो, चालतोय की! पट्टी त्याच्या टेम्पोत सीटखाली आहे.

मग पडदा "उघडा"वर फिरवूनही पुढे का गेला?

---

वेर्ण्याची_शिफ्ट | बुधवार, दुपारी १:२०

ते सिंगल फेज मोटरचं खास दुखणं. तुमची मोटर कपॅसिटर-स्टार्ट दिसते. अशा मोटरमध्ये दिशा ठरवायचं काम स्टार्टिंग वाइंडिंगचं. मोटरने वेग पकडला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच ते वाइंडिंग बाजूला काढतो आणि पुढे मोटर एकट्या मेन वाइंडिंगवर ज्या दिशेला फिरत होती त्याच दिशेला फिरत राहते. म्हणून फिरत्या मोटरला उलटा हुकूम दिला तर ती ऐकतच नाही. आधी पुरती मंदावली पाहिजे, आतला स्विच परत जुळला पाहिजे, मग उलट.

आणि यात एक वाईट गंमत आहे. भाच्याने "उघडा" केलं तेव्हा वीज "उघडा" कॉन्टॅक्टरमधून जायला लागली. त्याच्या वाटेवर विंगेतला लिमिट स्विच आहे, मधला नाही. म्हणजे मधला स्विच त्या क्षणी दाबलेला असता तरी फुकट.

तीन फेजमध्ये हेच दुसऱ्या वाटेने होतं. कुंडईतल्या एका कारखान्यात माल चढवायच्या हॉइस्टवर बघितलंय. पावसानंतर लाइनचं काम झालं, दोन फेज अदलाबदल होऊन आले. सकाळी ऑपरेटरने "वर" दाबलं, हुक खाली आला. खालचा लिमिट स्विच "खाली"च्या सर्किटमध्ये, तो दाबला गेला पण वीज "वर"मधून येत होती. दोर पूर्ण सुटला, ड्रमवर उलटा गुंडाळायला लागला, आणि हुक परत वर निघाला, उलट्या बाजूने. माणूस बटण सोडून पळाला म्हणून वाचलं. त्यानंतर तिथे फेज सिक्वेन्स, म्हणजे फेजचा क्रम बघणारा रिले बसला. तीन फेजची, दोन्ही दिशांना फिरणारी मोटर ज्याच्याकडे आहे त्याने आजच बघावं हा रिले आहे का.

---

मायक्रोताई | बुधवार, संध्याकाळी ६:४५

मडगावात माझा छोटा सीएनसी राऊटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन आहे, चतुर्थीच्या मखरांची नक्षी कापते. माझ्याकडे स्विच दोन कामं करतात. मशीन चालू झाल्यावर त्याला आपण कुठे आहोत हे ठाऊक नसतं, ते हळूहळू स्विचपर्यंत जातं, लागलं की मागे येतं, परत अगदी सावकाश जाऊन लागतं आणि तिथे शून्य धरतं. दुसरं काम टोकाला थांबवायचं. पण रोजच्या कामात टोकापर्यंत जाऊच देत नाही, आधीच सॉफ्टवेअर अडवतं. स्विच म्हणजे मागची भिंत.

पडद्याला प्रॉक्सिमिटी सेन्सर का लावत नाही? लोखंडाचा तुकडा समोर आला की बास, घासणं नाही, लिव्हर नाही, मखमल अडकायचा प्रश्न नाही.

---

खाणकरी | बुधवार, रात्री ८:१०

ताई, सेन्सर चांगलाच. पण त्याच्यासमोर तो बोल्ट आणलात तर तेच होणार. बोल्ट समोरून गेला की सेन्सरही विसरला. पट्टी तिथेही हवीच. शिवाय त्याला वेगळा २४ व्होल्टचा सप्लाय, तीन वायरी, तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल, आणि एनपीएन की पीएनपी, म्हणजे सिग्नल कुठल्या जातीचा, हे दुकानात जाऊन सांगायला हवं. जत्रेच्या रात्री तो गेला तर गावात कोणाकडे मिळणार? साधा लिव्हरवाला स्विच फोंड्यात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

---

मायक्रोताई | बुधवार, रात्री ८:४०

मान्य. पण "साधा" म्हणून हिणवू नका हं! आतली गंमत बघितलीय का कधी? प्लंजर कितीही सावकाश दाबा, एका बिंदूनंतर पत्ती टक्कन उडी मारते. कॉन्टॅक्ट अर्धवट जुळलेला, ठिणग्या मारत राहिलेला असं होतच नाही. १९३२ मध्ये अमेरिकेत मॅक्गॉल नावाच्या माणसाने हे काढलं आणि आजही माझ्या माउसच्या बटणात तेच आहे.

एक प्रश्न. तुमचे दोन्ही स्विच एनसीवर का जोडलेत? एनओ (दाबल्यावरच जुळणारा) जोडून दाबल्यावर रिले ओढला तरी चाललं असतं ना?

---

वेर्ण्याची_शिफ्ट | बुधवार, रात्री ९:००

चाललं असतं, उंदराने वायर खाईपर्यंत. एनसी जोडलं की वायर तुटली, स्क्रू ढिला झाला, टोक गंजलं, काहीही झालं तरी परिणाम एकच: मोटर चालत नाही. चिडचिड होते, पण अपघात होत नाही. एनओमध्ये वायर तुटली तर मशीन मजेत चालतं आणि थांबायच्या वेळी कळतं. देवळाच्या माळ्यावर उंदीर नसतील तर कळवा.

अजून एक. पुष्कळ जण पैसे वाचवायला कॉन्टॅक्टर गाळून मोटरचा करंटच लिमिट स्विचमधून नेतात. स्विचवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, मोटर चार घेते, मग काय बिघडलं? १० हा आकडा साध्या रोधाच्या लोडसाठी. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि तोडताना वाइंडिंग ठिणगी मारतं. काही महिन्यांत पत्ती चिकटते. चिकटलेला एनसी म्हणजे लिमिट स्विच नाहीच असं समजा. म्हणून चांगल्या स्विचवर बाणासारखं एक चिन्ह बघा, वर्तुळातला बाण. त्याचा अर्थ, पत्ती चिकटली तरी लिव्हरच्या जोराने ती ओढून तोडली जाते, फक्त स्प्रिंगवर भरवसा नाही.

---

गेटकरी_पर्वरी | बुधवार, रात्री ९:३५

छोट्या २४ व्होल्ट डीसी मोटरला तर चालतं थेट. गेटच्या अ‍ॅक्ट्युएटरमध्ये तसंच असतं. लिमिट स्विचला समांतर एक डायोड, टोकाला गेलं की एका दिशेचा करंट तुटतो, उलट दिशेला डायोडमधून मिळतो म्हणून परत येता येतं. डायोड नसेल तर गेट टोकाला जाऊन कायमचं अडकतं आणि गिऱ्हाईक मला रात्री फोन करतं.

पडद्याला माझा सल्ला: सिलेक्टर काढा, पुशबटन लावा, होल्डिंगसह. एकदा दाबलं की कॉन्टॅक्टर स्वतःच्याच कॉन्टॅक्टने स्वतःला धरून ठेवतो. लिमिटने सोडला की गेला, लिव्हर परत आला तरी बटण पुन्हा दाबेपर्यंत उठत नाही. काकांनी सांगितलेली भानगड मुळातच संपली. आणि लाइट जाऊन आली तरी पडदा आपोआप हलत नाही. आता सिलेक्टर "मिटा"वर राहिला आणि लाइट परत आली तर?

---

खाणकरी | बुधवार, रात्री १०:०५

होल्डिंग बरोबर. पण रंगमंचावर मी "दाबून धराल तोवर चालेल" असंच करीन. विंगेत पोरं असतात, कोणाचा शेला पडद्यात अडकतो, कोणी पेटीवाल्याला पाणी द्यायला मधूनच जातं. बोट बटणावर असेल तर डोळे पडद्यावर राहतात. एकदा दाबून सोडलं की माणूस मोबाइल काढतो.

---

गेटकरी_पर्वरी | बुधवार, रात्री १०:२०

पण काका, दाबून धरायचं असेल तर तुमची तीच अडचण परत आली. बोट बटणावर, ट्रॉली स्विचच्या पलीकडे, कॉन्टॅक्टर परत ओढला!

---

खाणकरी | बुधवार, रात्री १०:३२

आली, म्हणून तर पट्टी. पट्टी असताना बोट ठेवा की काढा, फरक पडत नाही. दोन्ही करा, भांडण नको. आणि अडसराच्या चार बोटं अलीकडे तिसरा स्विच, जो कॉन्टॅक्टरच्या नव्हे तर सगळ्या कंट्रोलच्याच वाटेत आहे. तो लागला की दोन्ही दिशा बंद. शिफ्टने सांगितलेल्या उलट्या फिरण्यावरही तोच इलाज. त्यानंतर ट्रॉली हाताने मागे ओढल्याशिवाय काही चालू होणार नाही. लिफ्टमध्ये असतो तसा, शेवटचा लिमिट. तो एकदाही लागला तर समजायचं पहिला बिघडला.

---

सूत्रधार | गुरुवार, सकाळी ८:००

टाकीच्या फ्लोट स्विचबद्दलचे पाच प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. पाणी भरून वाहतं हा प्रश्न खरा आहे, पण इथे पडदा चालू आहे.

---

पडदेवाला | गुरुवार, रात्री ११:५०

आज तीन तास देवळातच होतो. काकांच्या सांगण्यावरून आधी घसरण मोजली. ट्रॅकवर खडूने फुटाफुटावर खुणा केल्या, बोल्ट काढून टाकला, पडदा अर्ध्यावर आला की मी ओरडायचं आणि वायरमनने स्विचचा लिव्हर हाताने दाबायचा. मेनची चावी खाली भाच्याच्या हातात, मामा-भाचे अजून एकमेकांशी बोलत नाहीत पण काम चोख. जुना सुती पडदा लावून घसरण सहा-सात सेंटिमीटर. नवीन मखमल लावून अकरा. म्हणजे पडदा जड झाला तसा तो जास्त लांब जायला लागला, पण बोल्टच्या तीन सेंटिमीटरमध्ये जुना पडदाही थांबला नसता.

जुनी पट्टी १५ सेंटिमीटरची निघाली. काकांच्या दुपटीच्या हिशेबात ती तोकडी, म्हणून लोहाराकडून २५ बाय ३ मिलिमीटरची, ३० सेंटिमीटर लांब नवीन करून घेतली. दोन्ही टोकं चिमट्याने तिरकी वाकवली, म्हणजे रोलर आपटत नाही, चढत जातो. कडा कानसने गोल केल्या, वर पॉलिश पेपर, आणि पडद्याच्या विरुद्ध बाजूला लावली. मंडपवाल्याने स्वतः मखमलीचा तुकडा घासून बघितला, एक धागा निघाला नाही.

बटणं दाबून धरायची लावली. तिसरा स्विचही बसवला. भाच्यासाठी "मिटा"वरून "उघडा"वर जायला तीन सेकंदांचा टायमर टाकलाय.

---

वेर्ण्याची_शिफ्ट | शुक्रवार, दुपारी १:१५

उत्तम. दोन्ही कॉन्टॅक्टर एकमेकांना इंटरलॉक आहेत ना, म्हणजे एक ओढलेला असताना दुसरा उठत नाही ना? दोन्ही एकदम ओढले तर फ्यूजच उडणार. आणि वायररोपच्या क्लँपकडे बघा, मूळ धक्क्यात तोच निसटला होता. एकच क्लँप असेल तर तीन लावा. यू-बोल्टचा वाकडा भाग दोराच्या मोकळ्या शेपटीवर, आणि खोबणीवाला जाड भाग ताण येणाऱ्या दोरावर. उलटा लावला तर ताणाचा दोर चिरडतो.

---

पडदेवाला | शुक्रवार, रात्री ९:३०

एकच होता, आणि उलटा होता. तीन लावले. इंटरलॉक आहे, वायरमनने आधीच केला होता, त्याला हा प्रश्नच अपमानास्पद वाटला.

---

पडदेवाला | रविवार, रात्री १:४०

दुसरं नाटक आत्ताच संपलं. तीन अंक, सहा वेळा पडदा, सहाही वेळा खडूच्या खुणेच्या बोटभर आत-बाहेर. पेटीवाल्यांनी दर वेळी एकच खट् मोजलं. तिसरा स्विच लागला नाही. भाचा बटणावर, मामा शेजारी खुर्ची टाकून, मधल्या विश्रांतीत दोघांनी एकाच बशीतली भजी खाल्ली. खाणकरीबाब, शिफ्टभाऊ, गेटकरी, ताई, देव बरें करूं!

---

जुनी_संहिता | रविवार, सकाळी ७:०५

आणि राजा?

---

पडदेवाला | रविवार, सकाळी १०:३०

राजाचं शेवटचं वाक्य राहिलं. भाच्याचं बोट जरा लवकर पडलं. आज सकाळपासून राजा भाच्याशी बोलत नाही.